स्नायूवर की स्नायूखाली

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. नमुना म्हटल्यावर काही जण हसतात, हसोत बापडे. मी खराखुरा नमुना आहे, सिलिकॉनचा, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर, तळहातात मावणारा. काही बायकांच्या छातीत गाठ होते, ती कर्करोगाची निघते, आणि जीव वाचवण्यासाठी स्तन काढून टाकावा लागतो. त्या जागी पुन्हा उंचवटा हवा असेल, तर माझ्यासारखा एखादा आत बसवता येतो. मी स्वतः मात्र कुणाच्याही आत बसलेलो नाही. मी हातात घेऊन, दाबून, उलटसुलट करून बघण्यासाठी आहे.

हा विषय निघाला की मोठी माणसे आवाज खाली करतात. मी करणार नाही. माझे बहुतेक आयुष्य डॉक्टरांच्या टेबलावर गेले, आणि कुजबुजण्याने तिथे कुणाचेही भले झालेले मी पाहिले नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. साच्यावर सिलिकॉनचे थरावर थर चढवून माझे कवच तयार केले, भट्टीत भाजले, आणि मग आत थिजलेल्या मधासारखा घट्ट गर भरला. आम्ही सगळे भाऊ एका रांगेत होतो. तपासणाऱ्या बाईने मला उजेडात धरले, आणि माझ्या कवचावर एक बारीकसा ठिपका सापडला. झाले! भाऊ निर्जंतुक डब्यांत बसून ऐटीत निघाले, आणि माझ्या पाठीवर नमुन्याचा शिक्का बसला. मला फार वाईट वाटले, हे लपवण्यात काय अर्थ आहे? ज्या कामासाठी आपण घडलो ते काम आपल्या नशिबी नाही, हे कळल्यावर कुणालाही वाईट वाटेलच.

बिश्केक शहरातल्या एका इस्पितळात मी आलो तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी माझी किंमत ओळखली नाही. ते मला कागदांवर वजन म्हणून ठेवत. खिडकीतून वारा आला की मी कागद धरून बसायचो आणि समोरच्या बर्फाच्या डोंगरांकडे बघायचो. पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत डॉक्टर मीरगुल आल्या. उंच, सडपातळ, चहा नेहमी गार करून पिणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला कागदांवरून उचलले, साबणाने धुतले आणि स्वच्छ रुमालावर ठेवले. त्या दिवसापासून माझे खरे काम सुरू झाले.

किती जणींच्या हातांतून गेलो! कुणी मला चिमटा काढला, कुणी मला गालाला लावले, कुणी माझ्याकडे बघून रडली. ट्रॉलीबस चालवणारी राइसा नावाची एक धिप्पाड बाई होती. तिने मला वर उडवून झेलले आणि म्हणाली, "छान आहेस रे तू. पण माझ्याबरोबर नको येऊस. मी सपाटच बरी. माझा सीटबेल्ट बसला की झालं!"

डॉक्टर मीरगुल हसून म्हणाल्या, "हाही निर्णयच आहे, राइसा. कुणी काही म्हणालं तर माझ्याकडे पाठव."

मला तेव्हा थोडा राग आला होता. आता वाटते, तिने किती मोकळेपणाने नाही म्हटले! तसे मोकळे बोलणे सगळ्यांना जमत नाही. कानिशायला जमत नव्हते.

कानिशाय आत-बाशी या डोंगराळ खोऱ्यातल्या गावची, डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघालेली. चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, डोक्याला निळा रुमाल. तिच्याबरोबर तिची सासू होती, बूरुल आपा. खरे तर बूरुल आपांबरोबर कानिशाय होती, असे म्हणायला हवे, कारण आधी आपा आत आल्या, आपाच बसल्या, आणि पिशवीतून कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, खारट गोळ्या काढून डॉक्टरांपुढे ठेवून त्यांनीच बोलायला सुरुवात केली. कानिशाय खुर्चीच्या कडेवर टेकली होती.

"दुखतं का?" डॉक्टरांनी कानिशायला विचारले.

"नाही दुखत तिला," आपा म्हणाल्या.

"जेवण जातं का?"

"जातं की. आमच्या घरात जेवणाला कमी नाही."

"आणि कानिशाय, तू काम काय करतेस? हातांनी, छातीने जोर लावायचं काही?"

कानिशायने सासूकडे पाहिले. आपा ताठ झाल्या. "काम? पोरी, आमच्या घरात सुनेला कुणी राबवत नाही. दोन पेले चहा ओतते, बस्स. कुठंही विचार, बूरुलच्या घरची सून राणीसारखी राहते!"

कानिशायने मान खाली घातली. सून परक्यांसमोर सासूचे बोलणे खोडत नाही. आणि सुनेला राबवणारे घर म्हणून गावात नाव होणे, ही त्या वयाच्या बाईला चोरीच्या आळापेक्षाही मोठी लाज वाटते. डॉक्टर मीरगुल शहरात वाढलेल्या. त्यांना वाटले, उत्तर मिळाले.

मग त्यांनी मला कानिशायच्या हातात दिले आणि सगळे समजावून सांगितले. मीही शंभरदा ऐकलेले, पण ते सांगणे मला दर वेळी आवडते. छातीवर एक रुंद स्नायू असतो. मला त्या स्नायूच्या खाली ठेवता येते किंवा वर, म्हणजे स्नायू आणि कातडी यांच्यामध्ये. खाली ठेवले तर माझ्यावर जाड पांघरूण मिळते. बारीक अंगाच्या बाईला माझी कड दिसत नाही, सुरकुती जाणवत नाही. पण त्यासाठी स्नायू उचलावा लागतो. नंतर जास्त दुखते, आणि हाताने जोर लावला की स्नायू आवळतो आणि त्याखालचा गोळा बाजूला सरकतो. वर ठेवले तर स्नायूला कुणी हात लावत नाही. दुखणे कमी, जोर लावला तरी गोळा जागचा हलत नाही. पण मग कातडी निरोगी आणि पुरेशी जाड हवी, गोळ्याला धरून ठेवायला जाळी लागते, आणि बारीक बाईच्या अंगावर कधी कधी कडेला लाटा दिसतात.

"दुसरा प्रश्न वेळेचा," डॉक्टर म्हणाल्या. "कातडी तगडी असली तर स्तन काढतो त्याच वेळी कायमचा गोळा बसवतो. शंका असली तर आधी एक रिकामी पिशवी बसवायची, तिच्यात सुईने थोडं थोडं पाणी भरत जायचं, कातडीला सवय झाली की पिशवी काढून गोळा ठेवायचा. म्हणजे दोन शस्त्रक्रिया. आणि ऐक, कशानंही आधीसारखं होत नाही. स्पर्श फारसा कळणार नाही. पुढे कधी तरी गोळा बदलावाही लागेल. काहीच बसवलं नाही तरीही चालतं."

"एकदाच उरकून टाका," आपा म्हणाल्या. "हिच्या लेकीचं लग्न आलंय घरात."

"तुझी अंगकाठी बारीक, जोराचं काम नाही. मला वाटतं स्नायूखाली बरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण घाई नको. शस्त्रक्रियेआधी तुम्ही पुन्हा येणारच आहात. हा नमुना घरी घेऊन जा. उशाशी ठेव. बोल त्याच्याशी."

अशा तऱ्हेने मी पहिल्यांदा इस्पितळाबाहेर पडलो. घाट चढून, थंडगार वारा खात, कानिशायच्या रुमालात गुंडाळलेला मी आत-बाशीला पोहोचलो. आणि त्या घरात पाऊल पडताच मला कळले की डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांत किती अंतर आहे.

अंगणात लोकरीचा ढीग होता. कानिशायची लेक बेर्मेत हिचे लग्न ठरले होते, आणि लेकीच्या रुखवतात आईच्या हातचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड गालिचा, नसेल तर ती लेक कसली आणि ती आई कसली! लोकर काठ्यांनी झोडपून मोकळी करायची, वेताच्या चटईवर पसरायची, उकळते पाणी शिंपडायचे, चटईसकट गुंडाळायची. आणि मग ओळीने गुडघ्यांवर बसून कोपरापासून मनगटापर्यंतचे हात त्या गुंडाळीवर रेटायचे. पुढे, मागे, पुन्हा पुढे. लोकर लोकरीत अडकेपर्यंत, हातांना घाम फुटेपर्यंत. शेजारच्या बायका मदतीला येत, पण ओळीच्या मधोमध, जिथे सगळा भार येतो, तिथे कानिशाय बसे. गावात तिच्याइतका घट्ट नमदा कुणाच्याच हातून होत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पोलक्याच्या आत, डाव्या बाजूला, स्तनाच्या वरच्या अंगाला खोचले आणि ती कामाला बसली. आज एक लहान नमदा होता, बेर्मेतचा मोठा अजून बाकी होता. मला आधी कळेना की ही काय करते आहे. मग तिने हात रेटले, आणि माझ्या पाठीखाली तिचा स्नायू फळीसारखा कडक झाला. हात मागे आले, स्नायू सैल पडला. पुन्हा रेटले, पुन्हा कडक. तिच्या दिवसभराच्या कामाचा सारा जोर तिथून निघत होता. मी तर वर होतो. याच्याखाली कुणी असता तर प्रत्येक रेट्याला काखेकडे ढकलला गेला असता!

"काय गं, छातीत काय लपवलंयस?" बूरुल आपांनी चहाची किटली ठेवत विचारले.

"डॉक्टरांचा गोळा, आपा."

"अगं बाई! तो काय नमदे करायला दिलाय का? इकडं आण, फाटला तर भरून कोण देणार?"

बायका खदखदून हसल्या. एक म्हणाली, "आपा, त्यालाही शिकू द्या की! उद्या हिच्या जागी तोच बसेल."

कानिशाय हसली नाही. तिने सासूचा हात धरला, माझ्या बाजूला आपल्या छातीवर ठेवला आणि रेटा दिला. "आपा, डॉक्टर ज्याच्याखाली ठेवणार म्हणतात, तो हाच ना?"

आपांनी हात तसाच ठेवला. कानिशायने पुन्हा रेटा दिला. आपांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्या उठल्या आणि किटली तिथेच विसरून घरात गेल्या. त्यानंतर घरी परतेपर्यंत, म्हणजे माझ्या इस्पितळाच्या घरी परतेपर्यंत, त्या सुनेशी नीट बोलल्याच नाहीत. मला वाटले, रागावल्या. मला माणसे ओळखता येतात असा माझा समज होता, तो चुकला.

पुन्हा बिश्केकला आलो तेव्हा डॉक्टर मीरगुलनी मला रुमालातून काढले आणि भुवया उंचावल्या. सिलिकॉनला धूळ, दोरे, केस सगळे चिकटते, हा आमच्या जातीचा स्वभाव. माझे सगळे अंग पांढऱ्या-काळ्या लोकरीच्या तंतूंनी माखले होते.

"ही एवढी लोकर कुठून आली?"

कानिशायने तोंड उघडले, सासूकडे पाहिले आणि मिटले. तिचे सगळे पणाला लागले होते. बोलावे तर सासू खोटी ठरते. गप्प राहावे तर ज्या हातांनी तिने आयुष्य उभे केले, त्यांची ताकद जाते. आणि तरीही ती गप्प राहिली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडलो असतो.

"डॉक्टर पोरी," बूरुल आपा म्हणाल्या. "मी खोटं बोलले. माझ्या घरात सगळ्यांत जास्त राबते ती हीच. नमदा रेटते, गुरांचं बघते, पाणी वाहते. मी म्हातारी झाले, माझ्यानं होत नाही, आणि हिनं कधी तोंडानं हूं की चूं केलं नाही. सून राबते म्हटलं की सासूचं नाक कापलं जातं आमच्याकडं. म्हणून बोलले तसं. पण नाक माझं आणि छाती तिची. माझं नाक गेलं तरी चालेल."

कानिशाय रडू लागली. "आपा, तुम्ही काही राबवलं नाही मला. मला आवडतं ते काम."

"गप गं. आता तरी खरं बोलू दे मला."

डॉक्टर मीरगुलनी चहाचा पेला बाजूला सारला. "आपा, तुम्ही मला मोठ्या चुकीतून वाचवलंत. आणि मीही एकाच उत्तरावर थांबायला नको होतं." मग त्या कानिशायकडे वळल्या. "आता मला तुझ्याकडून ऐकायचंय. फक्त तुझ्याकडून. तुला काय हवं?"

कानिशायने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. आपा खिडकीकडे तोंड करून बसल्या. डॉक्टरांनी घाई केली नाही.

"मला रेटता आलं पाहिजे, एजे," ती म्हणाली. मोठ्या बहिणीला म्हणतात तसे ती डॉक्टरांना पहिल्यांदाच एजे म्हणाली. "लाटा दिसल्या तर दिसू देत. दोनदा कापावं लागलं तरी चालेल. पण बेर्मेतचा नमदा मीच रेटणार. आणि पोलकं दोन्हीकडं सारखं बसलं तर मला बरं वाटेल. एवढंच."

"मग स्नायूवर," डॉक्टर म्हणाल्या. "जाळी लागेल. आणि कातडीचं मी टेबलावर बघून ठरवीन. तिला रक्त नीट पोहोचत नसेल तर आधी पाण्याची पिशवी. कबूल?"

"कबूल."

"थांबा थांबा," आपा खिडकीकडून वळल्या. "जाळी कशाची? डुकराच्या कातडीची असते म्हणे!"

"तशीही मिळते आपा, पण ही नाही. ही धाग्याची आहे, विणलेली." डॉक्टरांनी कपाटातून एक तुकडा काढून दिला. आपांनी तो उभा ओढला, आडवा ओढला, उजेडात धरला, दाताखाली धरायला निघाल्या तेव्हा डॉक्टरांनी हात धरला. "वीण बरी आहे," आपांनी निकाल दिला. "आमच्यापेक्षा पातळ, पण बरी आहे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी नेहमीसारखा रुमालावर पडून होतो. माझा एखादा निष्कलंक भाऊ डब्यात तयार बसला असेल, असे मनात येत होते. पण त्या दिवशी त्याची पाळी आली नाही. गाठ पूर्ण निघाली, मात्र कातडीचा एक भाग फिका दिसला, म्हणून डॉक्टरांनी स्नायूवर जाळीसकट रिकामी पिशवी ठेवली. कानिशायला शुद्ध आल्यावर हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "घाईत गुंडाळलेला नमदा विसकटतोच, एजे. थांबू या." काढलेल्या गाठीची तपासणी चांगली आली. किरणांचे उपचार लागणार नव्हते, आणि हे ऐकून डॉक्टरांनी स्वतः मोठा श्वास सोडला. किरणांनी कातडी आणि शरीर गोळ्याभोवती धरते तो पडदा कडक होतो, आणि सगळा खेळ बिघडतो.

पुढे ती पाणी भरून घ्यायला येत राहिली. शहरात तिच्या भाचीकडे मुक्काम होता, आपाही बरोबर. सुई टोचताना आपा कानिशायचा हात धरून चेष्टा करत. "मशक भरतायत गं तुझी. गळली तर सांग, शिवायला मी आहे." ताण बसला की कानिशायचे डोळे भरून येत. काही दिवस तिला आरशात बघवत नसे. एकदा तर ती म्हणाली की हे सगळे काढून टाका, मला घरी जाऊ द्या. डॉक्टर म्हणाल्या, काढता येईल, विचार कर. ती बाहेर जाऊन आपांच्या शेजारी बसली, बोर्सोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, खाल्ले आणि परत आली. "भरा," म्हणाली.

गावात बोलणी झालीच. लग्न पुढे ढकलले म्हणून व्याही कुरकुरले. बूरुल आपांनी त्यांना निरोप धाडला की या घरचा नमदा माझ्या सुनेच्या हातचा असतो, ती बरी झाल्याशिवाय गुंडाळी बांधली जाणार नाही, आणि घाई असेल तर बाजारातून गालिचा घ्या. आयुष्यभर जे झाकले, ते आपा आता वेशीवर उभ्या राहून सांगत होत्या.

हिवाळा सरला. पिशवी जाऊन कायमचा गोळा आला. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "तळहात एकमेकांवर दाब." कानिशायने दाबले. गोळा जागचा हलला नाही. वरच्या कडेला एक बारीक लाट मात्र दिसत होती, ती तिने स्वतःच दाखवली आणि म्हणाली, "असू दे." हळूहळू कामाला लागायची परवानगी मिळाली.

तेव्हा मी बराच म्हातारा झालो होतो. कवच धुरकट, शिक्का पुसट. इस्पितळात नवा नमुना आला होता, चकचकीत, आणि मला खणात टाकले होते. तिथे पेनांच्या टोपणांशेजारी पडून राहण्याची मी मनाची तयारीही केली होती. कानिशायने मला मागून घेतले. "आमच्याकडच्या कितीजणी गाठ लपवून बसतात, एजे," ती म्हणाली. "हा हातात दिला की बोलायला तरी लागतील." तेव्हापासून मी आत-बाशीला आहे. खोऱ्यातल्या घराघरांत फिरतो. मला हातात घेऊन दोन जणी वेळेवर डॉक्टरांकडे गेल्या, त्यांतल्या एकीने काहीच बसवून घेतले नाही, आणि आता मला त्याचा राग येत नाही. शरीरात जाण्याचा मान मला मिळाला नाही, पण माझे दुःख केव्हाच संपले.

बेर्मेतचा नमदा उन्हाळ्यात रेटला. त्या दिवशी कानिशायने मला ओसरीवर ठेवले होते, म्हणून मी सगळे पाहिले. बायका ओळीने बसल्या. मधली जागा रिकामी होती. कानिशाय तिथे बसली, बाह्या वर केल्या आणि हात रेटले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. बूरुल आपा पाणी शिंपडत होत्या आणि सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या. नमदा घट्ट होत आला होता, थोडेच उरले होते. अशा वेळी हात थांबवायचे नसतात, आणि सासूसमोर सुनेने तर कधीच थांबायचे नसते. कानिशायचा श्वास वाढला. तिने हात उचलले.

"आता पुरे," ती मोठ्याने म्हणाली. "मी दमले."

सगळ्या ओळीचे हात थांबले. आपांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले, किटली आणली आणि पहिला पेला सुनेला ओतून दिला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर तिला औषध द्या, फळे द्या, तिची सेवा करा. पण डॉक्टरांनी तिला काही विचारले, तर तिच्या आधी बोलू नका. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तिच्याजवळ गप्प बसा.